खिशातील निखारा

घरोघरी चुली पेटत होत्या त्या काळी विस्तवाची एक शिस्त असे. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की घरातील वडीलधारी स्त्री चुलीतील जळती लाकडे बाहेर ओढून विझवी, उरलेल्या निखाऱ्यांवर राख सारी, भोवतीच्या काटक्या आणि गोवऱ्यांचे तुकडे दूर करी आणि मगच अंथरुणाला पाठ टेकी. सकाळी राख बाजूला केली की तोच निखारा फुंकणीच्या फुंकरीने पुन्हा फुले. शेजारणीला विस्तव हवा असला तर ती तो गोवरीच्या तुकड्यावर घेऊन, वाऱ्यापासून जपत, गवताच्या गंजीला वळसा घालून नेई. ही शिस्त कोणी पुस्तकातून शिकविलेली नव्हती. विस्तव डोळ्यांना दिसत होता, त्याची धग अंगाला लागत होती. म्हणून त्याच्याशी कसे वागावे हे लहान पोरालाही कळे.

आज बहुतेक घरांतून चूल गेली. परंतु विस्तव गेला नाही. तो रूप पालटून आला आहे. मोबाइल फोन, लॅपटॉप, पॉवर बँक, हातातील विजेरी, मुलांची खेळणी, दाढीचे यंत्र, अंगणातील विजेवर चालणारी स्कूटर, अशा अनेक वस्तूंच्या पोटात तो बसलेला आहे. त्याला ज्वाळा नाही, धूर नाही, धगही नाही. तो खिशात मावतो, उशाशी झोपतो, दप्तरात बसून प्रवास करतो. त्याचे नाव लिथियम-आयन बॅटरी. जवळ बाळगलेल्या छुप्या शत्रूला मराठीत ‘अस्तनीतला निखारा’ म्हणतात. ही बॅटरी काही शत्रू नव्हे. ती मोठी उपयोगी वस्तू आहे. पण निखारा मात्र ती खरोखरच आहे, आणि निखाऱ्याची शिस्त तिच्या बाबतीतही पाळावी लागते. ती शिस्त नीट उमगावी म्हणून हा निखारा कसा घडला, हे आधी पाहणे इष्ट होय.

लिथियम हा सर्व धातूंमध्ये हलका धातू. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ आर्फवेडसन याला १८१७ साली एका खनिजाचे पृथक्करण करताना या मूलद्रव्याचा शोध लागला. ते दगडात सापडले म्हणून ‘दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लिथियम हे नाव मिळाले. या धातूची घनता पाण्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. मात्र तरंगत स्वस्थ राहणे त्याच्या स्वभावात नाही. पाण्याचा स्पर्श होताच तो त्याच्याशी संयोग पावतो आणि हायड्रोजन वायू बाहेर पडू लागतो. म्हणून प्रयोगशाळेत त्याला तेलासारख्या पदार्थात झाकून ठेवावे लागते. आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देऊन टाकण्यास हा धातू सदैव उतावीळ असतो. हलकेपणा आणि उतावीळपणा या दोन गुणांमुळेच, कमी वजनात अधिक वीज साठविणारी बॅटरी करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले.

१९७० नंतरच्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या इंग्रज शास्त्रज्ञाने अमेरिकेतील एका तेल-कंपनीच्या प्रयोगशाळेत लिथियमची पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी तयार केली. तिच्यात लिथियम धातुरूपानेच वापरलेला होता. बॅटरी वारंवार चार्ज केली की त्या धातूवर सुईसारखे बारीक अंकुर फुटत. ते वाढत वाढत पलीकडच्या पट्टीला जाऊन भिडत आणि बॅटरी पेट घेई. प्रयोगशाळेत आगीचा बंब इतक्या वेळा बोलवावा लागला की, आग विझविण्यास लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च आता तुमच्याकडूनच वसूल करू, अशी तंबी अग्निशामक दलाने दिली होती. पुढे १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग करून अधिक दाबाची वीज मिळविण्याचा मार्ग दाखविला. जपानमधील अकिरा योशिनो यांनी १९८५ साली त्याला पेट्रोलियम-कोक या कार्बनयुक्त पदार्थाची जोड दिली. आता धातुरूप लिथियमची गरजच उरली नाही. लिथियमचे आयन, म्हणजे विद्युत्‌भारित अणू, तेवढे पुरेसे झाले.

योशिनो यांनी आपल्या बॅटरीची केलेली परीक्षा लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्फोटकांच्या चाचणीसाठी राखलेल्या मैदानात त्यांनी नव्या बॅटरीवर लोखंडाचा एक जड ठोकळा पाडला. बॅटरी चेंगरली, पण पेटली नाही. धातुरूप लिथियमच्या बॅटरीवर तोच ठोकळा पाडला तेव्हा मात्र भडका उडाला. या चाचणीतून बॅटरी निभावली, तो क्षणच आपल्या बॅटरीच्या जन्माचा क्षण, असे योशिनो मानतात. १९९१ साली जपानमध्ये ही बॅटरी विक्रीस आली. २०१९ साली व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते. इतक्या उतारवयात हा बहुमान मिळविणारे ते पहिलेच. सारांश, ही बॅटरी बाजारात आली तीच मुळी सुरक्षिततेची परीक्षा देऊन. तथापि एका परीक्षेत उत्तीर्ण झालेल्याने पुढे गाफील राहावे असे नाही.

या बॅटरीची रचना मोठी चातुर्याची आहे. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप दिलेला असतो, ती ऋण पट्टी. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लिथियमयुक्त ऑक्साइडचा लेप दिलेला असतो, ती धन पट्टी. दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक सच्छिद्र पडदा असतो. अळूवडीसाठी पानांचे थर एकावर एक ठेवून गुंडाळी करावी, त्याप्रमाणे या पट्ट्या व पडदे गुंडाळून किंवा रचून वेष्टनात बंद करतात आणि आत लिथियमचा क्षार विरघळविलेला एक द्रव भरतात. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन धन पट्टीतून निघून, पडद्याच्या छिद्रांतून पार होऊन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात. आपण फोन वापरू लागलो की ते आल्या वाटेने माघारी जातात. झोका जसा या टोकाकडून त्या टोकाकडे आणि पुन्हा माघारी जातो, तसाच हा व्यापार शेकडो वेळा चालतो.

या रचनेत दोन मर्मस्थाने आहेत. पहिले म्हणजे तो पडदा. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी, काही वेळा त्याहूनही कमी; डोक्यावरचा केसही त्याच्याहून जाड भरेल. धन आणि ऋण यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे सारे ओझे या तलम पडद्यावर असते. दुसरे मर्मस्थान म्हणजे आतील द्रव. साध्या मोटारीच्या बॅटरीत आम्लमिश्रित पाणी असते, ते जळत नाही. लिथियमला पाण्याचे वावडे असल्यामुळे येथे पाणी चालत नाही. त्याऐवजी जो कार्बनी द्रव वापरतात, तो ज्वालाग्राही असतो. म्हणजे ज्या पेटीत शक्तीचा साठा, त्याच पेटीत जळणही भरलेले असते.

हा साठा केवढा असतो? आजच्या साधारण मोबाइल फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास इतकी ऊर्जा मावते. तेवढ्या उष्णतेने पेलाभर, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाणी उकळीला येईल. ही ऊर्जा दिवसभरात थोडी थोडी खर्च झाली तर हाताला जाणवतही नाही. तीच काही क्षणांत बाहेर पडली तर केवढा अनर्थ होईल! तीन किलोवॉट-तासांच्या बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरमध्ये तर अशा दीडशेहून अधिक फोनांची शक्ती एका पेटीत कोंडलेली असते. खिशातील निखारा आणि जिन्याखालचा निखारा यांत हा एवढा फरक आहे.

आता हा निखारा फुलतो कसा, ते पाहू. कोणत्याही कारणाने पडदा फाटला, किंवा बॅटरी बाहेरून फार तापली, म्हणजे आत शॉर्ट सर्किट होऊन किंवा रासायनिक क्रिया सुरू होऊन उष्णता निर्माण होते. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की ग्रॅफाइटवरील संरक्षक थर मोडू लागतो आणि त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते. सुमारे १३० अंशांना प्लॅस्टिकचा पडदा वितळतो. मग धन आणि ऋण पट्ट्या जागोजागी एकमेकींना भिडतात. सुमारे २०० अंशांच्या पुढे धन पट्टीतील कोबाल्ट ऑक्साइडमधून प्राणवायू सुटू लागतो. उष्णतेने क्रिया वाढते आणि क्रियेने उष्णता वाढते. उतारावर सुटलेल्या बैलगाडीसारखी ही अवस्था असते. बैलांनाही मग गाडी आवरत नाही. वायूच्या दाबाने वेष्टन फुटते, ज्वालाग्राही वाफ बाहेर फवारते आणि पेट घेते. एका घटाची आच शेजारच्या घटाला लागते आणि घटामागून घट पेटत जातो.

साधी आग झाकली की विझते. कारण जळण्यास लागणारा बाहेरचा प्राणवायू तिला मिळेनासा होतो. येथे काही प्राणवायू बॅटरीच्या पोटातूनच सुटतो. म्हणून वर वाळू टाकून किंवा घोंगडी पांघरून ही आग खात्रीने विझत नाही. विझल्यासारखी दिसली तरी काही वेळाने पुन्हा भडकू शकते. शिवाय तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. आग दूर असली तरी धूर फुप्फुसांपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट विसरता कामा नये.

पडदा फाटण्याची कारणे अनेक. कधी दोष कारखान्यातच राहतो. २००६ साली जपानमध्ये तयार झालेल्या काही घटांत धातूचे सूक्ष्म कण राहून गेल्याचे आढळले, आणि एका अमेरिकन संगणक-कंपनीला लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. २०१६ साली सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ हा फोन बाजारात येऊन पंधरवडा लोटला नाही तोच, तो पेट घेत असल्याच्या तक्रारींमुळे परत मागविण्यात आला. कंपनीने बदलून दिलेल्या फोनांतील दुसऱ्या कारखान्याच्या बॅटऱ्याही पेटू लागल्या आणि अखेर ऑक्टोबरमध्ये त्या फोनचे उत्पादनच थांबले. पुढे चौकशीत असे दिसून आले की, पहिल्या बॅटऱ्यांत कोपऱ्यातील ऋण पट्टी दाबून वाकली होती, तर दुसऱ्यांत धातू जोडताना राहिलेली बारीक कुसळे आतील आवरणात रुतली होती. केसाएवढ्या दोषाने लाखो फोन मातीमोल झाले. त्यापूर्वी, २०१३ च्या जानेवारीत, बोइंग कंपनीच्या ड्रीमलायनर विमानांतील बॅटऱ्यांना लागोपाठ दोन अपघात झाले, तेव्हा जगभरची ही विमाने काही महिने जमिनीवर उभी करून ठेवावी लागली. जेथे तपासणी इतकी कसोशीची, तेथे हे घडले. मग स्वस्त मिळते म्हणून घेतलेल्या, कोणी बनविली हेही ठाऊक नसलेल्या बॅटरीविषयी काय सांगावे?

परंतु सगळाच दोष कारखान्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. फोन उंचावरून पडला, खुर्चीवर बसताना मागच्या खिशात वाकला, बॅटरी काढताना सुरीचे टोक लागले, की आतील पडद्याला इजा होते. ही इजा बाहेरून दिसत नाही. काही वेळा तिचा परिणाम दिवसांनी प्रकट होतो. दुसरे कारण अयोग्य चार्जर. फोनमधील घट त्याच्यासाठी ठरलेल्या व्होल्टपर्यंत भरला की पूर्ण भरला. त्यापुढे वीज लोटत राहिले तर ग्रॅफाइटवर पुन्हा धातुरूप लिथियम साचू लागतो, म्हणजे व्हिटिंगहॅमच्या प्रयोगशाळेतील जुनेच संकट घरात अवतरते. ते टाळण्यासाठी चांगल्या बॅटरीत वीज वेळीच तोडणारे एक संरक्षक मंडल बसविलेले असते. स्वस्त नकलेत हाच खर्च प्रथम वाचवितात. तिसरे कारण उष्णता. वैशाखाच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीत तापमान साठ अंशांपर्यंत जाऊ शकते. तेथे राहिलेला फोन किंवा पॉवर बँक तव्यावर ठेवल्यासारखीच होय. उशीखाली किंवा गादीत खुपसून चार्ज होणाऱ्या फोनचीही तीच गत. कापूस त्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि पुढे तोच कापूस पेट घेण्यास तयार असतो.

या बेसावधपणाची किंमत किती मोठी असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२२ च्या सप्टेंबर महिन्यात वसई येथील एका घरात स्कूटरची बॅटरी काढून बाहेरच्या खोलीत चार्ज करण्यास लावली होती. घरातील माणसे झोपली होती. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा होरपळला आणि काही दिवस रुग्णालयात झुंजून त्याने प्राण सोडला. त्या मुलाच्या हातून काहीही चूक झालेली नव्हती. तो आपल्या घरात, आपल्या माणसांजवळ, निर्धास्त झोपला होता. चुलीतला निखारा कोणी मुलाच्या अंथरुणाजवळ आणून ठेवला नसता. ही बॅटरी मात्र तेथे सहज ठेवली गेली. कारण तो निखारा आहे, हे कोणाला दिसत नव्हते.

त्याच महिन्यात सिकंदराबाद येथे एका इमारतीच्या तळाशी असलेल्या विजेच्या स्कूटरांच्या दालनात आग लागली. इमारतीच्या वरच्या मजल्यांवर प्रवाशांसाठी हॉटेल होते. धूर जिन्यावाटे वर चढला आणि आठ जणांना प्राणास मुकावे लागले. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात एकट्या २०२३ सालात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या व १८ माणसे दगावली. देश वेगळे, वस्त्या वेगळ्या. धडा मात्र एकच. बाहेर पडण्याच्या वाटेवर बॅटरी पेटली तर माणसाला सुटकेचा मार्गच उरत नाही. मुंबई-पुण्याकडील चाळींत आणि जुन्या वाड्यांत खाली-वर करण्यास पुष्कळदा एकच जिना असतो. त्या जिन्याखाली किंवा दारासमोरच्या बोळात रात्री स्कूटर चार्जिंगला लावणे म्हणजे साऱ्या बिऱ्हाडांची वाट निखाऱ्याच्या हवाली करणे होय.

मग ही बॅटरी वापरूच नये काय? असे म्हणणे शहाणपणाचे नाही. या बॅटरीमुळे खेड्यातील मुलाला दिवे गेल्यावरही सौरकंदिलाच्या उजेडात अभ्यास करता येतो. रस्त्यावरचा धूर कमी होतो. दूर परगावी असलेल्या लेकीचा आवाज आईच्या कानी पडतो. जगात अशा बॅटऱ्या कोट्यवधींच्या संख्येने वापरात आहेत, आणि त्यांतील बहुतेक सर्व आपले आयुष्य बिनबोभाट पुरे करतात. आगीच्या भयाने कोणी स्वयंपाक सोडला नाही. माणसाने स्वयंपाकाची रीत बसविली. या नव्या विस्तवाचीही रीत बसवावयास हवी.

ही रीत फार अवघड नाही. फोन किंवा पॉवर बँक चार्ज करताना ती फरशीवर, दगडी ओट्यावर किंवा अशाच न जळणाऱ्या पृष्ठभागावर, मोकळ्या हवेत ठेवावी. अंथरुणावर ठेवू नये. त्या उपकरणासाठी सांगितलेला, प्रमाणित चार्जरच वापरावा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा घटांसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आवश्यक आहे. तेव्हा खरेदी करताना मानकाचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. स्कूटर दौडून आल्यावर तिची बॅटरी तापलेली असते. ती निवल्यावाचून चार्ज करू नये. मोठी बॅटरी चार्ज करण्याचे काम माणसे जागी असताना करावे आणि ती झोपण्याच्या खोलीपासून व बाहेर जाण्याच्या वाटेपासून दूर ठेवावी. दीर्घ काळ न वापरावयाची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. अर्धवट भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. विमानाने जाताना पॉवर बँक सामानाच्या पेटीत न ठेवता हातातील पिशवीत ठेवावी असा नियम आहे. त्याचे कारण उघड आहे. माणसांसमोर काही बिघडले तर तत्काळ लक्षात येते. विमानाच्या पोटातील आगीकडे पाहण्यास तेथे कोणी नसते.

बॅटरी बिघडण्यापूर्वी पुष्कळदा सूचना देते. ती फुगते, फोनचा पडदा किंवा मागील झाकण वर उचलले जाते. ती विनाकारण तापते. गोडसर, रसायनासारखा वास येतो किंवा सूं-सूं असा आवाज होतो. फुगवटा म्हणजे आत वायू साठल्याची खूण. अशी बॅटरी दाबून सपाट करणे, टाचणीने वायू काढू पाहणे, किंवा ‘अजून चालते आहे’ म्हणून पुन्हा चार्ज करणे, यासारखे अविचाराचे काम दुसरे नाही. ती वापरणे तत्काळ थांबवून, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून, अधिकृत दुरुस्ती-केंद्राच्या स्वाधीन करावी. मुलांनी ती स्वतः हाताळू नये. मोठ्या माणसांना सांगावे.

आणि आग लागलीच तर? प्रथम माणसे, मग वस्तू. स्कूटरची किंवा तत्सम मोठी बॅटरी पेटली तर ती विझविण्याच्या भरीस न पडता सर्वांनी बाहेर पडावे, मागे दार लोटून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. धूर भरला असल्यास ओणवे होऊन, जमिनीलगत सरकत जावे. धुमसणारा फोन हातात उचलू नये. मुख्य बटण बंद करून वीज तोडता आली, तर मोठ्या माणसाने दूर उभे राहून त्यावर भरपूर पाणी ओतावे. लिथियम पाण्याशी संयोग पावतो, मग येथे पाणी कसे चालते, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्याच्या मनात येईल. त्याचे उत्तर योशिनो यांच्या शोधातच आहे. या बॅटरीत लिथियम मुख्यतः आयनरूपाने असतो, धातूच्या गोळ्याच्या रूपाने नव्हे. आणि पाण्याचे काम येथे आग झाकण्याचे नसून बॅटरी थंड करण्याचे असते. तापमान उतरले की उष्णतेची साखळी तुटते.

निकामी बॅटरीचीही एक वाट ठरलेली असावी. ती घरच्या कचऱ्यात टाकली तर कचरा दाबणाऱ्या गाडीत चेंगरून पेट घेते, आणि तिची आच लागते ती सफाई कामगाराला. आपल्या घरातून गेलेला निखारा दुसऱ्याच्या हातावर पडावा, हे कोणत्याही सुसंस्कृत माणसाला शोभणारे नाही. भारत सरकारने २०२२ साली केलेल्या नियमांनी, वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातू पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या बॅटऱ्या वेगळ्या ठेवून संकलन-केंद्रापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र नागरिकांचे आहे.

शास्त्रज्ञही स्वस्थ बसलेले नाहीत. १९९० नंतरच्या दशकात गुडइनफ यांच्याच अमेरिकेतील प्रयोगशाळेत कोबाल्टऐवजी लोह आणि फॉस्फेट वापरणारी बॅटरी उदयास आली. तिच्यातील प्राणवायू घट्ट बांधलेला असल्यामुळे ती तुलनेने उशिरा व कमी पेटते. ज्वालाग्राही द्रवाऐवजी घन पदार्थ वापरण्याचे प्रयोगही चालू आहेत. आपल्या देशात विजेच्या वाहनांतील बॅटऱ्यांचे सुरक्षा-निकष २०२२ साली अधिक कडक करण्यात आले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी लागू झाले. तथापि शास्त्रज्ञाने केलेली सोय आणि शासनाने केलेला नियम, दोन्ही उंबरठ्यापर्यंतच येतात. उंबरठ्याच्या आत दक्षता घेणे घरातील माणसांच्याच हाती असते.

पूर्वी घरातील जे माणूस सर्वांच्या शेवटी निजे, ते एकवार चुलीकडे पाहून येई. राख नीट सारली आहे ना, जवळ काही जळण्यासारखे नाही ना, एवढेच ते पाही. त्या एका नजरेवर सारे घर निर्धास्त झोपत असे. आज चुलीची जागा भिंतीवरील विजेच्या बटणांनी घेतली आहे. पण त्या नजरेची गरज सरलेली नाही. रात्री दिवा मालविण्यापूर्वी काय चार्जिंगला लावलेले आहे, ते कोठे ठेवले आहे, आणि ते आता काढून घेता येईल काय, हे पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. घरातील शाळकरी मुलाने किंवा मुलीने हे काम आपल्याकडे घेतले, तर पणजीने सांभाळलेली विस्तवाची शिस्त नव्या काळात नव्या हातांनी पुढे चालविल्यासारखे होईल.

स्वाध्याय

१. चुलीच्या काळातील विस्तवाची शिस्त कोणती होती? ती मुलांनाही सहज का कळे?

२. लिथियम या धातूच्या कोणत्या दोन गुणांमुळे शास्त्रज्ञांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले?

३. व्हिटिंगहॅम यांची बॅटरी आणि योशिनो यांची बॅटरी यांतील महत्त्वाचा फरक सांगा. योशिनो यांनी आपल्या बॅटरीची परीक्षा कशी घेतली?

४. कारणे द्या : (अ) बॅटरीची आग केवळ झाकून विझेलच असे नाही. (आ) पॉवर बँक विमानात हातातील पिशवीत ठेवावी लागते. (इ) फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. (ई) जिन्याखाली स्कूटर चार्ज करणे धोक्याचे आहे.

५. ‘उष्णतेने क्रिया वाढते आणि क्रियेने उष्णता वाढते’ या वाक्याचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.

६. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : अंथरुणाला पाठ टेकणे, माथी मारणे, मातीमोल होणे, प्राणास मुकणे, हवाली करणे.

७. आपल्या घरात रात्री कोणकोणती उपकरणे चार्जिंगला लावली जातात आणि ती कोठे ठेवली जातात, हे आठ दिवस पाहून लिहून काढा. त्यांतील कोणत्या उपकरणांची जागा बदलावी असे तुम्हांस वाटते, ते घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवा.